इन्सेंटिव्हचा रकाना

आमच्या रक्तपेढीत दर तिमाहीला मुख्य कार्यालयाकडून एक छापील तक्ता यायचा. किती दाते आले, किती रक्त जमलं, किती वाया गेलं, हे रकाने मी पुढ्यातला चहा निवायच्या आत भरून मोकळी होत असे. सगळ्यात शेवटी एक अरुंद रकाना असायचा: 'दात्याला दिलेला इन्सेंटिव्ह'. त्या रकान्यापाशी माझं पेन थांबायचं. बनारसच्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात मी रक्तदाते मिळवण्याचं काम केलं, आणि नोकरीतलं जे काही सांगण्यासारखं आहे ते बहुतेक या रकान्याभोवती घडलं.

आधी कामाविषयी. लोकांना वाटतं रक्तपेढी म्हणजे बँकच, फ्रीज उघडायचा आणि बाटली काढायची. पण रक्त महिनाभर टिकतं, त्यानंतर फेकावं लागतं. म्हणजे साठवून निश्चिंत होता येत नाही, रोज नवीन माणूस शोधावा लागतो. धडधाकट माणूस तीन महिन्यांतून एकदा रक्त देऊ शकतो. आल्यावर त्याच्या बोटाला सुई टोचून रक्ताचा एक थेंब मोरचुदाच्या निळ्या पाण्यात सोडायचा. थेंब झटकन बुडाला म्हणजे रक्त कसदार, माणूस पास. तरंगत राहिला तर त्याला केळं खायला देऊन घरी पाठवायचं. दात्याला खाटेवर निजवणं, सुई लावणं हे काम तंत्रज्ञांचं. माझं काम त्याच्या आधीचं, त्याला खाटेपर्यंत आणण्याचं.

ज्यांच्यासाठी हे सगळं करायचं त्यांतली एक नसीमा. मदनपुऱ्यातल्या इक्बालभाई नावाच्या विणकराची मुलगी. मी तिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती पहिलीत होती. तिला थॅलेसेमिया होता. या आजारात शरीर स्वतःचं रक्त नीट बनवत नाही, म्हणून दर तीन-चार आठवड्यांनी बाहेरून द्यावं लागतं. रक्त मिळालं की ही मुलगी वॉर्डात लंगडी घालायची. आठवडाभर उशीर झाला की जिना चढताना बापाच्या खांद्यावर मान टाकायची. इक्बालभाई स्वतः इतक्या वेळा देऊन बसले होते की त्यांचाच थेंब निळ्या पाण्यात तरंगायला लागला होता. मुलीची पुढची तारीख ते मला विचारत नसत. नुसते दारात येऊन उभे राहत आणि म्हणत, "मैडम, फ्रिज में कुछ है?"

त्या काळात पैसे घेऊन रक्त देणारी माणसं असत. बनारसमध्ये त्यांना पेशेवर म्हणत. हॉस्पिटलसमोरच्या पानाच्या टपरीशी ती बसलेली असायची. नाव रोज नवं, थेंब रोज तरंगता. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस न्यायालयाच्या आदेशानं हा प्रकार बंद झाला, आणि झाला ते उत्तमच झालं. टपरीपाशी बसणारी ती माणसं पुढे कुठे गेली, काय खाऊन राहिली, हे मात्र कुठल्या तक्त्यात नव्हतं आणि मीही शोधलं नाही. त्याची रुखरुख आहे.

बंदी आली आणि आमचा फ्रीज रिकामा पडायला लागला. कलकत्त्याच्या मुख्य कार्यालयाचं पत्र आलं की स्वेच्छेनं रक्त देणाऱ्यांची संख्या वाढवा, त्यासाठी योग्य तो इन्सेंटिव्ह द्या.

ते पत्र मी घरी आणलं. आमचं घर बालाजी घाटाच्या वरच्या गल्लीत. सासरे, म्हणजे अण्णा, महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंचं पौरोहित्य करत. संध्याकाळी ते तांब्याची भांडी चिंचेनं घाशीत बसले होते.

"सूनबाई, इन्सेंटिव्ह म्हणजे काय गं?"

"प्रोत्साहन, अण्णा."

"म्हणजे पाठ थोपटायची?"

"नाही, काहीतरी वस्तू द्यायची."

"मग बक्षीस म्हण."

"बक्षीस काम झाल्यावर देतात. हे आधी सांगायचं असतं. तुम्ही अमुक केलंत तर तुम्हाला तमुक मिळेल."

"हां, मग सरळ लालूच म्हण ना. उगाच कशाला गोल गोल घुमवतेस?"

माझा नवरा बँकेत होता. तो पेपराआडून म्हणाला, "आम्हाला मिळतो तेव्हा त्याला लालूच नाही म्हणत, अण्णा."

"मिळतो तेव्हा कोणीच म्हणत नाही," अण्णा म्हणाले आणि पळी उजेडात धरून पाहू लागले.

मला याद्या करायची सवय आहे. त्या आठवड्यात मी एका कागदावर लिहून काढलं की आतापर्यंत आलेल्यांतला कोण कशासाठी आला. वाचून मीच चकित झाले. एक मास्तर केवळ प्रमाणपत्रावर शुद्ध हिंदीत नाव लिहून मिळतं म्हणून यायचे. एका कॉलेजकुमाराला परीक्षेतून सुटका हवी होती. गोदौलियाजवळचा एक हलवाई नेमानं यायचा, पण प्रत्येक वेळी माझ्याकडून कबूल करून घ्यायचा, "मैडम, हमारा खून सामनेवाले हलवाई को मत चढ़ाइएगा. बाकी दुनिया में जिसको चाहे दे दीजिए."

आखाड्यातले पहिलवान मात्र काही केल्या येत नसत. मी त्यांच्या गुरूंना भेटायला गेले. ते अंगाला माती लावून बसले होते. म्हणाले, "बहिनजी, एक-एक बूँद में बदाम घोंट के डाला है. इसको बोतल में कैसे भर दें?" मी म्हटलं, नका देऊ, नुसती तपासणी करून जा. ते आले. त्यांचा थेंब निळ्या पाण्यात पडला आणि खडा टाकावा तसा तळाला गेला. गुरूंनी वाकून पाहिलं, मिशीवरून हात फिरवला आणि विचारलं, "सबका ऐसे ही डूबता है?" मी खरं तेच सांगितलं की नाही, इतका झटकन कोणाचाच नाही. दुसऱ्या दिवशी अख्खा आखाडा हजर. कोणाचा थेंब आधी बुडतो यावर पैजा लागल्या. आलेच होते तर जाता जाता रक्तही देऊन गेले. त्या तिमाहीला मी रकान्यात 'निळं पाणी' असं लिहिलं होतं. कलकत्त्याहून विचारणा झाली की हे कुठलं पेय.

पण माझा खरा भरवसा होता तो नावाड्यांवर. त्यांचा पुढारी गोवर्धन. त्याची नाव आमच्या घाटाला बांधलेली असे. मी पंडितजींची सून, म्हणून तो मला हॉस्पिटलातसुद्धा बहूजीच म्हणायचा. त्याच्या बायकोला बाळंतपणात दोन बाटल्या रक्त चढवावं लागलं होतं. ती बरी होऊन घरी गेली आणि काही दिवसांनी हा दारात येऊन उभा राहिला. "दो बोतल लिए थे बहूजी, लौटाने आए हैं." मी सांगितलं की एका वेळी एकच देता येते. तीन महिन्यांनी तो दुसरी देऊन गेला. मला वाटलं, फिटलं. त्यानंतरच्या तीन महिन्यांनी तो पुन्हा आला आणि बरोबर सात-आठ जण घेऊन आला. सकाळची पहिली सवारी घाटावर उतरवायची, गंगेत बुडी मारायची आणि ओल्या केसांनी आमच्याकडे यायचं, असा त्यांचा शिरस्ता पडला. सगळे अंगानं सडसडीत, वल्ही मारून दंड टणक झालेले. आमचे तंत्रज्ञ म्हणायचे, यांची शीर शोधावी लागत नाही, तीच पुढे येते. त्यांच्यातल्या तिघा-चौघांचा गट नसीमाच्या गटाशी जुळणारा होता. त्यांना मी आळीपाळीनं बोलवायची, आणि मुलीच्या तारखा त्या फेऱ्यांशी लावून ठेवल्या होत्या.

त्यांची एक खोड होती. रक्त देऊन झालं की प्रत्येक जण माझ्या टेबलावर सव्वा रुपया ठेवायचा. मी तो परत करायची. "गोवर्धनभाई, इथं पैसे लागत नाहीत." तो वाद घालत नसे. उचलायचा आणि बाहेरच्या खोलीतल्या मारुतीच्या कॅलेंडरखाली ठेवून जायचा. मला वाटायचं, मारुतीची भक्ती. शिपाई ते गोळा करून उदबत्त्या आणायचा.

असं सुरळीत चाललेलं असताना कलकत्त्याहून खोकं आलं. आत स्टीलचे पेले. सुरेख, जाड, काठाला वळलेले, आणि पोटावर कोरलेलं: 'रक्तदाता'. आमचे प्रमुख डॉक्टर सिन्हा माणूस भला, खोकं उघडून लहान मुलासारखे खूश झाले. मीही झाले. घरात रोज वापरात राहील अशी वस्तू, वर मान. मी नावांची यादी केली आणि पहिला पेला गोवर्धनच्या हातात दिला. त्यानं तो दोन्ही हातांनी घेतला, उलटासुलटा करून पाहिला आणि गमछ्यात बांधला. बाकीच्यांनीही घेतले. मी 'सर्व दाते संतुष्ट' असा शेरा लिहिला.

पुढच्या फेरीला एकही नावाडी आला नाही.

पहिले दोन दिवस मी म्हटलं, लग्नसराई असेल, वऱ्हाडं पार करायची गर्दी असेल. तिसऱ्या दिवशी इक्बालभाई दारात. नसीमा त्यांच्या खांद्यावर होती आणि या वेळी तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ओठ कागदासारखे. डॉक्टर सिन्हांनी तिला तपासलं, मला बाजूला घेतलं आणि सांगितलं, दोन दिवसांच्या पुढे थांबवता येणार नाही.

"मैडम, फ्रिज में कुछ है?"

फ्रीजमध्ये तिच्या गटाचं काही नव्हतं. शहरातल्या इतर पेढ्यांना फोन केले, तिथंही हीच रड. हलवाई गावाला गेला होता. आखाडा नुकताच देऊन गेला होता. मी इक्बालभाईंना म्हटलं, "बसा. मी जाऊन येते."

दुपारच्या उन्हात घाटाच्या पायऱ्या तापल्या होत्या. गोवर्धन नावेच्या फळीला डांबर लावीत होता. मला पाहून त्यानं हात पुसले, पण उठून पुढे आला नाही. एरवी आला असता.

"गोवर्धनभाई, काय झालं? कोणी आलं नाही."

"काम बहुत है, बहूजी."

"काम दर वेळी असतं."

तो पुन्हा फळीवर डांबर फिरवू लागला. शेजारच्या नावेत त्याचा चुलत भाऊ दोर वळीत बसला होता, त्याला राहवलं नाही. "बता दो ना भइया. पंडितजी के घर की हैं, कोई गैर थोड़े हैं."

गोवर्धननं नावेच्या तोंडाशी वाकून एक गाठोडं काढलं आणि माझ्यासमोर पायरीवर ठेवलं. आत आमचे पेले होते, सगळे. एकालाही पाणी लागलेलं नव्हतं.

"रामनगर में बिरादरी की पंगत थी," तो म्हणाला. "हम लोग बैठे, तो उस पार के लड़के चिल्लाए, अरे इनको स्टील के गिलास में पानी दो, खून बेच के कमाए हैं. सब हँसे. मेरी घरवाली भी वहीं थी."

"पण तो मान म्हणून दिलेला, गोवर्धनभाई. विकायचा काय संबंध?"

"आप समझती हैं, हम भी समझते हैं. देखनेवाला का समझे? पानवाले के पास जो बैठते थे, वो भी देते थे और लेते थे. हम भी दिए और लिए. फरक का रहा?" मग खाली बघत म्हणाला, "और एक बात. दक्षिणा आप लेती नहीं हैं. हर बार लौटा देती हैं. बिना दक्षिणा का दान तो अटका रहता है न बहूजी. हम लोग सोचे, चलो हनुमानजी के पास रख दें, वो देख लेंगे. फिर ऊपर से गिलास आ गया. अब तो कुछ बचा ही नहीं."

मी त्या पायरीवर बसले. जिथे बसले तिथून चार हातांवर, अण्णा यात्रेकरूंची पूजा सांगायला बसत ती त्यांची छत्री होती. त्या छत्रीखाली रोज कोणी ना कोणी दान करायचं: गाईचं, धान्याचं, वस्त्राचं. प्रत्येक दानावर देणारा दक्षिणा ठेवायचा, कारण देणाऱ्यानं वर आणखी थोडं दिल्याशिवाय दान सांग, म्हणजे पुरं, होत नाही. ही गोष्ट या घरात सून म्हणून आल्यापासून मी रोज पाहिली होती. दक्षिणेची नाणी कित्येकदा माझ्याच ओच्यात येऊन पडली होती. आणि हॉस्पिटलच्या टेबलावर तोच सव्वा रुपया दिसला तर मला नियम आठवत होता. कलकत्त्याला वाटत होतं, देणाऱ्याला काय द्यावं म्हणजे तो देईल. आमच्या घाटावर देणारा विचारत होता, मी आणखी काय देऊ म्हणजे माझं दिलेलं पोचेल.

अण्णा छत्रीखालून सगळं ऐकत होते. पोथी मिटून म्हणाले, "सूनबाई, दक्षिणा घे. आणि नुसती घेऊ नकोस. घेणाऱ्यानं तोंडानं म्हणायचं असतं, मिळालं म्हणून."

"अण्णा, रक्त मला थोडंच मिळतं? ज्याला मिळतं त्याचं नाव सांगायचं नाही असा नियम आहे."

"मग त्याच्या वतीनं म्हण. सगळे नियम पाळून म्हण."

मी गाठोडं उचललं. गोवर्धनला म्हटलं, "पेले मी घेऊन जाते. दक्षिणा आजपासून घेते. सगळ्यांची."

त्यानं अण्णांकडे पाहिलं. अण्णांनी मान हलवली. गोवर्धन नावेतून उतरला आणि शेजारच्या नावांकडे तोंड करून हाळी दिली, "ए, नहा लो सब लोग. चलना है."

ते त्याच दुपारी आले. ओले केस, स्वच्छ धोतरं. गोवर्धनचं रक्त काढून झालं, त्यानं कापूस दाबून धरला आणि दुसऱ्या हातानं सव्वा रुपया पुढे केला. मी ओंजळ धरली. "मिळालं, गोवर्धनभाई," मी म्हटलं. एवढंच. तो माणूस एवढी वर्षं येत होता, पण खाटेवर पाय पसरून निवांत बसलेला मी त्याला त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. चहा मागितला, वर अद्रक कम है म्हणून तक्रारही केली.

तपासण्यांना संध्याकाळ झाली. नसीमाला रक्त चढलं तेव्हा तिचे वडील बाकावर भिंतीला टेकून झोपले होते. तिसऱ्या दिवशी ती वॉर्डात लंगडी घालत होती आणि नर्सची बोलणी खात होती.

पुढचा प्रश्न आमच्या तिवारीजींचा, म्हणजे हिशेबनिसांचा. "मैडम, दाता खून भी दे और पैसा भी दे? ऑडिट में क्या लिखूँ?" त्यांनी डोकं धरलं. डॉक्टर सिन्हांनी तोड काढली. त्या नाण्यांतून फाटकाशी एक प्याऊ सुरू झाली. उन्हात येणाऱ्या-जाणाऱ्याला माठातलं थंड पाणी, आणि परत आलेले ते सगळे पेले तिथं साखळीला बांधले. पोटावर 'रक्तदाता' कोरलेले. रिक्षावाले त्यातून पाणी पीत. त्यावर कोणी हसलं नाही.

दक्षिणेसाठी मी घरची एक पितळी थाळी आणून टेबलावर ठेवली. नावाड्यांचं पाहून मास्तर ठेवू लागले, हलवाई ठेवू लागला. पहिलवान गुरूंनी अकरा रुपये ठेवले, कारण त्यांच्या रक्तात बदाम होते.

तिमाही आली. 'दात्याला दिलेला इन्सेंटिव्ह' या रकान्यात मी लिहिलं: 'काही नाही. दाते देतात.' कलकत्त्याहून फोन आला. तिकडचे बाबू नम्रपणे म्हणाले की बहुधा लिहिण्यात काही गडबड झाली आहे. मी म्हटलं, नाही. ते म्हणाले, मग दुसऱ्या शाखांना कळवता येईल अशा शब्दांत लिहा. मी बराच विचार केला. सुचलं नाही. पुढे तो रकाना मी कोराच सोडत गेले आणि त्यांनीही विचारणं सोडलं. इतर शहरांत पेले चालले असतील, चालोत. माझ्या माणसांची गोष्ट मला ठाऊक होती.

इक्बालभाईंना एक गोष्ट सारखी विचारायची असायची आणि मी ती कधी सांगितली नाही: मुलीला कोणाचं रक्त चढतं. नियम आहे, आणि चांगला आहे. मग त्यांचं लक्ष थाळीकडे गेलं. "ये सिक्के कैसे हैं मैडम?" मी म्हटलं, जे देतात ते ठेवतात. त्यांनी एका नाण्यावरची धूळ अंगठ्यानं पुसली. पुढच्या तारखेला आले तेव्हा त्यांनी सदऱ्याच्या आतून एक घडी काढली. थाळीवर झाकायला वीतभर रुमाल, स्वतःच्या मागावर विणलेला. गडद निळा रेशमी, आणि त्यावर जरीची बारीक बुट्टी, तांदळाच्या दाण्याएवढी. "धूल पड़ती है इन पर," ते म्हणाले.

त्यानंतरच्या फेरीला गोवर्धन आला. खाटेकडे जाण्याआधी तो टेबलापाशी थांबला. ओला हात धोतराला पुसला, आणि रुमालाचं एक टोक दोन बोटांत धरून अलगद वर उचललं. पालथी बाजू पाहिली, सुलटी पाहिली.

"बड़ा महीन काम है, बहूजी. कौन दिया?"

"सांगायचा नियम नाही, गोवर्धनभाई."

तो हसला. रुमाल होता तसा सारखा केला आणि खाटेवर जाऊन त्यानं हात पुढे केला.